रतनची खोली

१

शिवऱ्याला हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानावर, चिमाजी अण्णांचं नकाशांचं ऑफिस आहे. वेल्ह्याकडे डोंगरउतारावर प्लॉट पडतात, पुण्याची माणसं ते घेतात आणि त्यांच्या घरांचे नकाशे इथं निघतात. नकाशे काढणारी मंडळी पुढच्या हॉलमध्ये बसतात. मागं एका बिनखिडकीच्या खोलीत एसीच्या गारव्यात एक मोठं मशीन आहे. सगळ्यांचं काम त्या मशीनवर चालतं, टेबलांवर नुसते कॉम्प्युटरचे पडदे. आणि त्या मशीनचा कर्ताकरविता म्हणजे वरव्याचा अमृत.

प्रत्येकाचे नकाशे प्रत्येकाच्या खोलीत. खोली हा अण्णांचा शब्द. फोल्डर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं तलाठ्याचं दप्तर यायचं, म्हणून त्यांनी एकदा विचारून घेतलं होतं, "म्हंजी परत्येकाची येक खोली, आसंच ना?" तेव्हापासून खोली. या खोल्या खरं तर अण्णांच्या भोरच्या ऑफिसातल्या एका पेटीत होत्या. कुणी नाव घेतलं की ती खोली तारेवरून इथं हजर व्हायची, आणि आत कुणी उरलं नाही की थोड्या वेळानं आपोआप मिटायची. हे काम करणारी एक व्यवस्था मशीनवर सदान्कदा जागी असायची. अमृत तिला शिपाई म्हणायचा. बोलावलं की दार उघडायचं, माणूस गेला की लावून घ्यायचं. आणि आत कुणी असताना दार कधी लावायचं नाही, हा शिपायाचा पहिला नेम.

शिपाई चालू असतानाच नवी नावं घालायची, जुनी काढायची, नेम बदलायचे, आणि पुढं बसलेल्यांना पत्ताही लागू द्यायचा नाही. यात अमृतचा हात बसला होता. त्याला त्याचा थोडा तोराही होता, आणि का नसावा?

श्रावणातल्या एका दुपारी डबा खाऊन तो मागं आला आणि कोणकोणत्या खोल्या उघड्या आहेत ते सवयीनं पाहिलं. सगळं रोजच्यासारखंच होतं. फक्त रतनची खोली उघडी होती.

रतन मागच्या दिवाळीच्या आधी तापानं गेला होता.

२

आता यात घाबरण्यासारखं काही नाही, हे अमृतला कुणी सांगायला नको होतं. रतननं काढलेले नकाशे अजून लागायचे, म्हणून अण्णांनी त्याची खोली ठेवायला सांगितली होती. कुणीतरी जुना नकाशा पाहायला गेलं असेल. नाहीतर एखादा प्रोग्राम सगळ्या नावांवरून हात फिरवत गेला असेल. शिपाई भोळा, धक्का लागला तरी दार उघडतो. हे सगळं त्याला ठाऊक होतं. तरी आत कोण आहे ते त्यानं पाहिलंच.

शेफाली होती. त्याची बायको.

त्याला जे वाटलं त्याला भीती म्हणत नाहीत. शेफाली या ऑफिसात त्याच्याही आधीपासून होती. ती आणि रतन शेजारशेजारच्या टेबलांवर बसून तीन पावसाळे नकाशे काढत होते. रतनची आई कमळाबाई स्वतः भोरला शेफालीच्या घरी बोलणं काढायला गेली होती. शेफालीच्या वडलांनी जात काढली, चहासुद्धा न विचारता तिला वाटेला लावलं, आणि पुढच्या महिन्यात जातीतलं स्थळ म्हणून अमृत बघून आले. अमृतला सगळं आयतं मिळालं होतं. आयत्या मिळालेल्या वस्तूची माणूस जास्तच राखण करतो.

रतन जिवंत होता तोवर अमृतला त्याच्याशी भांडता येत होतं, निदान मनात. मेल्यावर तो गुणाचा पुतळाच झाला. मेल्या म्हशीला मणभर दूध! अण्णा उठता बसता म्हणायचे, "रतनच्या हातची रेघ न्हाई कुनाला जमायची." आणि अण्णांनी असं म्हटलं की शेफाली मान खाली घालायची. ती मान खाली गेलेली अमृतला दिसायची आणि सोसायची नाही.

तो पाण्याची बाटली भरायच्या निमित्तानं पुढं गेला. शेफाली आपल्या टेबलाशी होती. डाव्या हातात माउस, उजव्या हातावर हनुवटी, आणि ती अगदी हळू काहीतरी गुणगुणत होती. घरी ती कधी गुणगुणत नसे.

३

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर खोली पुन्हा उघडली. तिसऱ्या दिवशीही. मग शेफाली आईचे डोळे तपासायला भोरला गेली, त्या दिवशी अमृत दुपारभर पडद्यापुढं बसून राहिला. त्या दिवशी खोली उघडली नाही. संशयाला एवढं खाद्य पुरे होतं.

त्या संध्याकाळी ती भाकरी करत असताना त्यानं विषय काढला.

"रतनच्या खोलीत काय काम निघतं गं तुझं?"

तिनं भाकरी उलटली. ती डावखुरी. तव्याशी नेहमी जरा आडवी उभी राहायची.

"तुम्ही बघता व्हय, मी कुठं जाते ते?"

"माझं कामच हाय ते."

"काम न्हाई, बघायला जाते नुसती," ती म्हणाली. तिनं खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही, याचाच त्याला जास्त राग आला. "एका घराचा नकाशा अर्धा राहिलाय त्याचा. वेल्ह्याच्या बाजूचा. मला वाटलं कुणाचं काम असंल, पण कुणाचंच न्हाई. अन् अहो..." ती थांबली. "तो पुरा होत चाललाय."

"म्हणजे तू पुरा करतीस."

"मी हात लावत न्हाई. खरंच न्हाई. परवा ओसरी नव्हती, काल होती."

अमृत हसला. ते हसू त्यालाच आवडलं नाही. "मेलेला माणूस नकाशे काढतोय व्हय?"

शेफालीनं तवा उतरवला. "मला भ्या वाटत न्हाई," ती म्हणाली, विचारलं नसताना. मग तिनं ताटं घेतली.

४

दुसऱ्या दिवशी सगळे यायच्या आधी अमृतनं तो नकाशा उघडला. त्याला नकाशातलं फार कळत नसे, पण घर कळलं. उतारावरचं छोटंसं घर, तोरण्याकडं तोंड. पुढं ओसरी, आत एक खोली, मागं स्वयंपाकघर. शेवटचा बदल आदल्या दुपारचा, शेफाली भोरला होती त्या वेळचा. खोली तर काल उघडलीच नव्हती. म्हणजे बदल भोरच्या पेटीत कुणी थेट केला असणार. भोरच्या ऑफिसाची किल्ली अण्णांकडं. अण्णांना माउस धरता येत नाही.

घड्याळ चुकलं असेल. भोरच्या पेटीचं घड्याळ मागंपुढं होतंच. असं म्हणून त्यानं तो विषय सोडला, आणि मग त्याचं लक्ष स्वयंपाकघराकडं गेलं.

ओटा उलटा आखलेला होता. गॅस, सिंक, भांड्यांची जागा, सगळं नेहमीच्या विरुद्ध बाजूला. आधी त्याला वाटलं, चुकलाय. रतन चुकलाय, या विचारानं त्याला क्षणभर बरंही वाटलं. मग त्याला तव्याशी आडवी उभी राहिलेली शेफाली आठवली. वरव्याच्या घरातला ओटा त्यानं स्वतः उभं राहून बांधून घेतला होता. तिला कुठला हात सोयीचा, हे त्यानं विचारलं नव्हतं. लग्नाला दोन वर्षं झाली तरी ते त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

मेलेल्या माणसाला ते ठाऊक होतं. अमृतला इतकं झोंबलं, की त्या नकाशाला त्या वेळी काडी लावता आली असती तर त्यानं लावली असती.

५

त्यानं शिपायाच्या नेमातून रतनचं नाव काढून टाकलं. काम दोन ओळींचं. मग चालू शिपायाला नवे नेम वाचायला लावले. दुपारचं जेवण नुकतंच झालं होतं. पुढून स्टुलांचा, डब्यांचा आवाज येत होता.

शिपायानं नेम वाचले, मानले, आणि रतनची खोली जिथल्या तिथं ठेवली. आत माणूस आहे. ती बाहेर येईल तेव्हा दार लावतो, मग पुन्हा उघडणार नाही. शिपायाचं म्हणणं एवढंच, आणि त्यात वावगं काही नव्हतं. कुठल्याही शहाण्या माणसानं संध्याकाळपर्यंत वाट पाहिली असती.

अमृतनं वाट पाहिली. पुढच्या हॉलमधून गुणगुणणं येत होतं. आज ते जरा मोठ्यानं होतं, आणि मध्येमध्ये थांबत होतं. कुणाचं तरी ऐकण्यासाठी थांबावं तसं.

दार तोडायचीही एक तऱ्हा असते. अमृत हे काम शिकला तेव्हा शिकवणाऱ्या मास्तरांनी ती दाखवली होती आणि वर बजावलं होतं: ती वापरलीस तर खोलीचं नाव पुसतं, दार जातं, वाट जाते. पण आतलं कोणी बाहेर येत नाही. ते आतच राहतं, त्याला कळतही नाही. म्हणून आधी हाक मार, सगळ्यांना बाहेर काढ, मग दार तोड.

हाक मारायला पुढच्या हॉलपर्यंत दहा पावलंसुद्धा नव्हती. "शेफाली, बाहेर ये जरा," एवढंच म्हणायचं. पण ती "आले" म्हणाली असती, आणि मग दोन मिनिटं लावली असती. ती दोन मिनिटं त्याला तिला द्यायची नव्हती.

त्यानं दार तोडलं.

गुणगुणणं मध्येच थांबलं. एसीची घरघर तेवढी राहिली. मग खुर्ची सरकली आणि शेफालीचा आवाज आला, अगदी साधा. "अहो, चहा सांगू का?"

६

पुढचे काही दिवस अमृतला सुखाचे गेले, हे सांगायला हवं. शेफाली वेळेवर उठायची, वेळेवर जेवायला वाढायची, विचारलं त्याचं उत्तर द्यायची. उलट बोलणं नाही, मध्येच खिडकीबाहेर बघत राहणं नाही. ऑफिसात ती सांगितलेले नकाशे सांगितल्याप्रमाणे काढायची. गुणगुणणं गेलं ते गेलंच. अमृतनं मनाशी म्हटलं, डोक्यातलं खूळ निघालं पोरीच्या.

ऑफिस झाडणारी बनाबाई मात्र एकदा जिन्यात त्याला आडवी आली.

"साहेब, शेफालीताईंची तब्येत बरी न्हाई का?"

"का? चांगली तर हाय."

"व्हय, चांगली हायती." ती झाडू चाळवत उभी राहिली. "रोज मला इचारायच्या, बने, गुडघा कसा हाय. लई दिस न्हाई इचारलं. म्या सोताहून सांगितलं तर म्हनल्या, बरं. आन् माज्याकडं बघत व्हत्या, पर... जाऊ द्या. मला येडीला काय कळतंय."

त्या रात्री जेवताना शेफालीनं आमटी वाढली. अमृत भात कालवत होता. पळी पुन्हा आली तेव्हा त्याचा हात थांबला.

ती उजव्या हातानं वाढत होती. सराईतपणे, एक थेंब न सांडता. मागं वळून तिनं उजव्या हातानं गॅस बारीक केला, उजव्या हातानं चिमटा उचलला. ओट्याशी सरळ उभी होती. त्या ओट्यावर तिला आता काहीच अडचण नव्हती.

"शेफाली," तो म्हणाला, "हात दुखतोय का डावा?"

"न्हाई," ती म्हणाली. "आणखी भात वाढू?"

७

सकाळी त्यानं मशीन पाहिलं, नीट, मुळापासून. इतके दिवस त्यानं पाहायचं टाळलं होतं, हेही खरं.

बिननावाची एक खोली अजून धरलेली होती. तिला दार नव्हतं, वाट नव्हती. मशीनला फक्त एवढं ठाऊक होतं की ती आहे आणि आत हालचाल आहे. आत एकच नाव: शेफाली. त्यानं तिला बाहेर काढायचे होते नव्हते ते उपाय केले. हाकेला उत्तर नाही.

मग त्यानं रतनचं नाव पुन्हा नेमात घातलं. शिपायानं आज्ञाधारकपणे खोली उघडून दिली. तेच नकाशे, तीच मांडणी. पण ही दुसऱ्या दारानं उघडलेली खोली होती, आणि हिच्यात कुणी नव्हतं. ज्या खोलीत ती होती तिथं जायला आता जगात वाट नव्हती. ती त्यानंच मोडली होती.

नकाशा मात्र भोरच्या पेटीतला, दोन्हीकडून एकच होता. तिकडं ओढलेली रेघ इकडं दिसत होती. ओसरीवर आता दोन खुर्च्या होत्या. ओट्यावर वरून पाहिलेले दोन कप, लहान गोल आणि त्यांचे कान. मागच्या अंगणात दोरी, तिच्यावर वाळत घातलेले कपडे. कुठलाही नकाशे काढणारा असलं काही काढत नाही, गिऱ्हाईक हसेल. दाराजवळ चपलांचे दोन जोड होते.

त्यानं परत मोजलं. आत दोघं होते. दुसऱ्याच्या नावाची जागा कोरी होती.

भीती होतीच. आणि भीतीच्याही वर, आधी, त्याला जे वाटलं ते असं: मी दोघांना कोंडलं, आणि एकत्र कोंडलं.

८

मशीन रखडायला लागलं होतं. बिननावाची खोली ते धरून बसलं होतं, सोडवेना आणि गिळवेना. अण्णा दोनदा मागं येऊन गेले.

"आरं आमृत, येकदा बंद करून चालू कर की त्ये! पोरं बोंबलत्यात."

"करतो अण्णा. थोडं काम चालू हाय त्यावर."

"काम, काम. कुनाचं काम?"

अमृत पडद्याकडं वळला. मशीन बंद केलं की आत असेल ते संपणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिथं जी होती ती शेफाली होती. पुढं बसलेली ती उजव्या हाताची बाई कोण होती ते देव जाणे, पण डावखुरी, भाकरी करताना आडवी उभी राहणारी, ती आत होती. तो तिची राखण करत बसला. जेवायलाही उठेना. ती बाहेर यायला धडपडत असेल, दार शोधत असेल, त्याला हाका मारत असेल, आणि कधीतरी नकाशात तिनं त्याच्यासाठी काही खूण ओढलेली दिसेल. या आशेवर तो तासातासाला नकाशा उघडत होता. खरं सांगायचं तर त्या दिवसांत त्यानं तिला पहिल्यांदा जीव लावला.

एका दुपारी त्यानं नकाशा उघडला आणि खूण होती.

पुढच्या दाराशी होती. बारीक, नेटकी रेघ. डाव्या हातानं ओढलेली रेघ थोडी उलटी झुकते, ते आता त्याला ओळखू येत होतं. तो पडद्याला नाक लावून बघत राहिला. नकाशात दार दाखवतात, दार कुठल्या अंगाला उघडतं तेही दाखवतात. कडी कधी दाखवत नाहीत.

तिनं कडी आखली होती. लावलेली. कडी आतून होती.

अमृतनं नकाशा मिटला. मग उठला, मशीनपाशी गेला. शिपायाला त्यानं काही सांगितलं नाही, कुणाला हाक मारली नाही. बटण दाबून धरलं. मशीन कुरकुरलं, पंखे मंद होत गेले, आणि त्या खोलीत कधी नव्हती इतकी शांतता झाली. त्या शांततेत पुढच्या हॉलमध्ये काहीतरी पडल्याचा आवाज झाला. जड आणि मऊ.

"ताई? आवो ताई!" बनाबाई ओरडली. "आवो धावा कुनीतरी! साहेब! साहेब, शेफालीताई बगा की!"

खुर्च्या सरकल्या, पावलं धावली. अण्णा पाणी आणा म्हणत होते. अमृत मशीनपासून हलला नाही. त्यानं बटण पुन्हा दाबलं आणि मशीन चालू व्हायची वाट पाहत बसला. आता आत कुणी नसणार. निदान तिथं कुणी नसणार, ती रतनचीही नाही आणि अमृतचीही नाही. एवढ्यासाठीच त्यानं ते केलं होतं, आणि ते त्याला कळत होतं.

मशीन उठलं. शिपाई कामावर आला. सगळ्या खोल्या मिटलेल्या होत्या, कारण नाव घ्यायला टेबलाशी कुणी नव्हतं, सगळे पुढं तिच्याभोवती जमले होते. बनाबाई रडायला लागली होती. अण्णा कुणाला तरी म्हणाले, "श्वास न्हाई रं."

अमृतच्या डोळ्यांपुढं रतनची खोली उघडली.

कुणी बोलावलं नव्हतं. ती आपली उघडली. त्यानं आत कोण आहे ते पाहिलं. दोघं होते, आणि या वेळी दोन्ही नावांच्या जागा कोऱ्या होत्या. रतन गेल्या दिवाळीच्या आधीपासून या जगात नव्हता आणि रोज दुपारी इथं येत होता. मरून कुणी त्या घराबाहेर पडत नाही, हे अमृतला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यानं शिपायाला खोली मिटायला सांगितलं. आत माणसं आहेत, शिपाई म्हणाला.